स्टेपनीचं भवितव्य

क्रिकेटच्या संघात फलंदाज पाच-सहा लागतात, गोलंदाज चार-पाच लागतात, यष्टिरक्षक मात्र एकच लागतो. ज्या कुणा इंग्रज गृहस्थानं हे ठरवलं, त्याला धाकटा भाऊ नसावा. सहाव्या फलंदाजाला संघात जागा हवी असेल, तर पाचांपैकी कुणीही एकानं शून्यावर बाद व्हावं एवढीच त्याची माफक इच्छा असते. पाचांत वाटलेलं पाप कुणाच्या अंगाला फारसं लागत नाही. दुसऱ्या यष्टिरक्षकाला तशी सोय नाही. त्याला एकाच माणसाचं वाईट चिंतावं लागतं, आणि तो माणूस बहुधा त्याच्याच डब्यातली भाजी खात असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या संघात मी तब्बल अकरा वर्षं दुसरा यष्टिरक्षक होतो. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि जिथं ज्वारी-बाजरी उगवायची तिथं बघता बघता शेड उगवायला लागल्या. आमचा कारखाना नाव सांगण्याइतका मोठा नव्हता. सुटे भाग बनवायचा. मी त्या सुट्या भागांच्या कारखान्यातला आणखी एक सुटा भाग, एवढाच फरक.

आमचे पहिले यष्टिरक्षक म्हणजे डिस्पॅच खात्यातले अण्णा. माणूस देवमाणूस. पण देव जसा कधी आजारी पडत नाही तसे अण्णाही पडत नसत. एका पावसाळ्यात सगळ्या कॉलनीत काविळीची साथ आली. आमचे दोन गोलंदाज गेले, कप्तान गेला, पंच गेला. (गेले म्हणजे दवाखान्यात, घाबरू नका.) अण्णा ठणठणीत. त्या साथीत कावीळ झाली ती मला, आणि उसाचा रस घेऊन भेटायला आले तेही अण्णाच. अशा माणसाच्या बोटाला चेंडू लागावा असं मनात आणायचं तरी कसं? तरी ते मनात यायचंच. मग पुढचा रस मी अपराधी चेहऱ्यानं प्यायचो, आणि अण्णांना वाटायचं, कडू लागतोय.

दुसऱ्या यष्टिरक्षकाला काम नसतं, हा एक गैरसमज आहे. सामन्याआधी पहिल्याला झेल द्यायचे, हे त्याचं काम. त्याच्या ग्लव्ह्जमधलं सुकलेलं आतलं पातळ कापड बदलायचं, हे त्याचं काम. पाण्याची बादली, लिंबाच्या फोडी, स्कोअरबुक आणि कप्तानाच्या बायकोचा निरोप हीसुद्धा त्याचीच खाती. सगळ्यांत जबाबदारीचं काम म्हणजे घड्याळं सांभाळणं. मैदानात उतरताना जो तो आपलं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचा. हरवू नयेत म्हणून मी ती मनगटापासून कोपरापर्यंत बांधून घ्यायचो. एका वेळी सात-सात घड्याळं हातावर असायची. त्या सातांत माझी वेळ कुठल्याच घड्याळात नव्हती.

त्या काळी स्कूटरच्या मागं स्टेपनी असायची. काही हौशी मंडळी तिला रेक्झिनचं कव्हर शिवायची, त्यावर देवाचं किंवा मुलाचं नाव लिहायची. स्टेपनीचा मान मोठा. दर रविवारी धुणं-पुसणं व्हायचं, वर्षानुवर्षं फुकट फिरायला मिळायचं. फक्त ज्या कामासाठी चाकाचा जन्म, ते जमिनीला लागणं तेवढं नशिबी नसायचं. आणि ऐन वेळी, रात्री दहाला, नगर रस्त्यावर पुढचं चाक बसलं की स्कूटरवाल्याला कळायचं की स्टेपनीतली हवा कधीचीच गेलेली आहे. मग तो स्टेपनीला शिव्या घालायचा. चार वर्षं त्यानं तिच्यात हवा भरलेली नाही, हे त्याच्या लक्षात येत नसे. संघातल्या दुसऱ्या माणसाचंही तेच होतं. चार वर्षं बसवून ठेवतात, एक दिवस उभा करतात, त्याच्या हातून एक झेल सुटतो, आणि सगळे म्हणतात, “बघा, म्हणूनच याला घेत नव्हतो.”

त्यातून क्रिकेटचा कायदा असा की आमच्या जखमेवर मीठ कमी पडू नये. बदली खेळाडूनं क्षेत्ररक्षण करावं, पण यष्टींमागं उभं राहू नये, असा नियम होता. म्हणजे सामना चालू असताना अण्णांना खरोखर लागलं असतं, तरी मला मैदानात बोलावून फाइन लेगला पाठवलं असतं आणि ग्लव्ह्ज पहिल्या स्लिपमधल्या स्टोअरकीपरनं घातले असते! अकरा वर्षं ज्याची तालीम केली, नेमकं तेवढंच करायचं नाही. हा नियम बदलला २०१७ साली. पंचांच्या संमतीनं बदली खेळाडूला यष्टिरक्षण करता येईल, असं कायद्यात आलं. तोवर माझे गुडघे निवृत्त झाले होते.

नाही म्हणायला एकदा तो नियम मोडला गेला होता, आणि तो प्रसंग आठवला की मला अजून बरं वाटतं. १९८६ साली लॉर्ड्‌सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या कसोटीत इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच याच्या डोक्याला चेंडू लागला. बॉब टेलर हे जुने यष्टिरक्षक तेव्हा निवृत्त होऊन पाहुण्यांच्या तंबूत सरबराई करत होते. वय पंचेचाळीस. न्यूझीलंडच्या कप्तानानं मोठ्या मनानं हरकत घेतली नाही, आणि टेलरसाहेब पाहुण्यांना तसंच सोडून यष्टींमागं जाऊन उभे राहिले. उत्तम यष्टिरक्षण केलं. करतीलच. हा माणूस १९७१ साली एक कसोटी खेळला आणि पुढं ॲलन नॉट नावाच्या अण्णांमुळं जवळजवळ सात वर्षं बसून राहिला. नॉट पॅकरच्या सर्कशीत गेले तेव्हा टेलरांची पाळी आली, आणि मग ते एकूण सत्तावन्न कसोट्या खेळले. थोडक्यात काय, टेलर कुठं गेले नाहीत, नॉटच गेले. जागा मिळण्याची ही पहिली पद्धत.

दुसरी पद्धत म्हणजे आपणच उठून दुसरीकडं जायचं. याच विषयावर गेल्या वर्षी आमच्या घरात तीन आठवडे संसद भरली होती.

झालं असं की माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, वय वीस, यष्टिरक्षक. रक्ताचा गुण म्हणा किंवा दोष म्हणा, तोही दुसरा. त्याच्या क्लबातला पहिला यष्टिरक्षक त्याच्याच कॉलेजात, त्याच्याच खोलीत, एकाच मोटारसायकलवर दोघे सरावाला जायचे. शेजारच्या एका जिल्ह्याच्या गावातल्या क्लबानं भाच्याला निरोप पाठवला की आमच्याकडं ये, पहिल्या सामन्यापासून ग्लव्ह्ज तुझे. कॉलेज बदलावं लागणार, खोली घ्यावी लागणार, मेसचे पैसे भरावे लागणार. बहिणीचे यजमान कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. म्हणजे प्रश्न खेळाचा होता तसा मेसच्या पैशांचाही होता.

बहीण आली आणि म्हणाली, “दादा, तू समजाव त्याला. तू या क्षेत्रातला आहेस.”

भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही आईला समजवा. तुम्ही या क्षेत्रातले आहात.”

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्यांना काय विचारता? त्यांनी घड्याळं सांभाळली.”

आता माझ्या बाबतीतही असा निरोप एकदा आला होता. वसाहतीच्या पलीकडच्या सेक्टरमधल्या एका कारखान्याचे सुपरवायझर आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले. ग्लव्ह्ज मिळणार होते. फक्त नोकरी बदलायची होती. पगार तोच, पाळी रात्रीची. हिनं एकच प्रश्न विचारला, “तिथं दिवाळीला बोनस किती?” बोनस कमी होता. मी गेलो नाही. पुढल्याच वर्षी त्या कारखान्यात टाळेबंदी झाली. तेव्हापासून बोनसच्या बाबतीत मी क्रिकेटपटूंपेक्षा हिच्या निवडीवर विश्वास ठेवतो.

पण भाच्याचं वय वीस, आणि त्याला बोनस नव्हता. त्यामुळं मी अभ्यास करायचा ठरवला.

बहिणीच्या बाजूनं पहिलं नाव मीच काढलं, पद्माकर शिवलकर. मुंबईसाठी १९६१-६२ पासून चेंडू टाकत राहिले, १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८ बळी, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. इतकं करून कसोटी एकही नाही, कारण डावखुऱ्या फिरकीच्या जागी बिशनसिंग बेदी उभे. त्यांच्याच जोडीला हरियाणाचे राजिंदर गोयल. ७५० बळी. १९७४ साली बेंगळुरूच्या कसोटीतून शिस्तीच्या कारणानं बेदींना वगळलं, तेव्हा गोयलना वाटलं, आली पाळी. आली नाही; ते संघाबाहेरच बसले. २०१७ साली दोघांनाही सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. गोयल २०२० साली गेले, शिवलकर मार्च २०२५ मध्ये.

“बघ!” बहीण भाच्याला म्हणाली. “शिवलकर मुंबई सोडून कुठं गेले का? नावाजले ना तरी?”

“अगं आई,” भाचा म्हणाला, “त्यांना मुंबईत जागा होतीच. नव्हती ती भारताच्या संघात. मुंबई सोडून माणूस दुसऱ्या संघात जाईल, भारत सोडून कुठं जाणार?”

मुद्दा बिनतोड होता. कुठली स्टेपनी काढून कुठल्या गाडीला लावता येते, हे मुळात आधी बघावं लागतं.

मग मी भाच्याच्या बाजूचं नाव काढलं, चंद्रकांत पंडित. मुंबईचा पोरगा, यष्टिरक्षक, फलंदाजी उत्तम. १९८६ साली हेडिंग्लेला कसोटीत पदार्पण झालं, पण कसं? नुसता फलंदाज म्हणून! यष्टींमागं उभे होते बडोद्याचे किरण मोरे. मोरे ४९ कसोट्या खेळले, पंडित ५. पंडितांच्या जागी मी असतो तर बडोद्याच्या चिवड्यावरसुद्धा बहिष्कार घातला असता. पंडितांनी तसलं काही केलं नाही. पुढं ते मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडं गेले, कप्तान झाले आणि १९९९ साली त्या संघाला घेऊन रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर पहिल्या डावाची आघाडी घेतली, आणि कर्नाटकाकडून हरले.

“हरले ना?” बहीण.

“थांब, अजून संपलं नाही.” मी म्हणालो. मग पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला रणजी जिंकून दिली. विदर्भाला, ज्यांनी ती कधी पाहिलीही नव्हती, लागोपाठ दोनदा जिंकून दिली, २०१७-१८ आणि २०१८-१९. आणि मग परत मध्य प्रदेशाकडं. जून २०२२. तेच चिन्नास्वामी मैदान, तेवीस वर्षांनंतर. मध्य प्रदेश प्रथमच रणजी जिंकला, आणि समोर हरला कोण? मुंबई! खेळाडूंनी पंडितांना खांद्यावर घेतलं. तो फोटो मी कापून कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. बाहेरून लावला तर ही घड्याळांचा विषय काढते.

बहीण जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे तेवीस वर्षं मेसचे पैसे भरायचे?”

तिसरं नाव भाच्यानंच काढलं. त्याचा देव म्हणजे अमरावतीचा जितेश शर्मा. हा पोरगा मुंबई इंडियन्सनं २०१६ साली दहा लाखांना घेतला आणि एकाही सामन्यात उतरवला नाही. दहा लाखांची स्टेपनी! पुढं २०२२ साली पंजाबनं वीस लाखांना घेतला, तिथं खेळायला मिळालं, आणि २०२३ मध्ये भारताची टोपीही मिळाली. मग बेंगळुरूच्या संघानं अकरा कोटी मोजले. मे २०२५ मध्ये लखनौला त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ काढले, आणि जूनमध्ये बेंगळुरूनं आयपीएल जिंकली. अंतिम सामन्यात हरवलं ते पंजाबला, म्हणजे त्याच्याच जुन्या मालकाला. इकडं विदर्भाच्या रणजी संघात यष्टींमागं अक्षय वाडकर, तोच कप्तान. तिथं जागा कशी रिकामी होणार? म्हणून २०२५ साली जितेश विदर्भ सोडून बडोद्याला गेला. हो, किरण मोरेंच्याच बडोद्याला! पंडितांना हे वाचून काय वाटलं असेल, असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला.

“तीन वेळा गाव बदललं म्हणून झालं,” भाचा म्हणाला.

“आणि डिसेंबरात विश्वचषकाचा संघ निघाला त्यात कुठं होता?” हा प्रश्न बहिणीचा. आम्ही दोघं तिच्याकडं बघतच राहिलो. ही बाई आजवर क्रिकेटमधलं ‘एलबीडब्ल्यू’ हे विजेचं बिल समजत होती. पण पोराच्या खोलीत लावलेल्या फोटोवर तिनं गुपचूप अभ्यास केला होता. आणि खरं होतं ते. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या संघात जितेशचं नाव नव्हतं.

त्याच रात्री न्यू जर्सीहून माझ्या पुतण्याचा फोन आला. घरातला प्रश्न सातासमुद्रापार पोचला होता. तो म्हणाला, काका, आमच्याकडं फुटबॉल नावाचा एक खेळ आहे, जो हातानं खेळतात, त्यात क्वार्टरबॅक नावाची एकच जागा असते, आणि दुसरा क्वार्टरबॅक म्हणजे थेट तुम्हीच. निक फोल्स नावाचा असा एक दुसरा माणूस फिलाडेल्फियात होता. पहिल्याला दुखापत झाली म्हणून हा उतरला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांची सगळ्यांत मोठी सुपर बोल नावाची लढत जिंकून बसला. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. मग पहिला बरा झाला. पुतळा तसाच बाहेर राहिला, आणि हा पुन्हा बाकावर! २०१९ साली जॅक्सनव्हिलनं त्याला पहिला म्हणून बोलावलं. चार वर्षं, अठ्ठ्याऐंशी दशलक्ष डॉलर. पहिल्याच सामन्यात गळ्याजवळचं हाड मोडलं. बरा होऊन येईतो त्याच्या जागी एक नवखा पोरगा लोकांचा लाडका झाला होता, आणि वर्षभरात याला तिथूनही हलवलं.

हे मी भाच्याला सांगितलं नाही. बहिणीलाही सांगितलं नाही. अठ्ठ्याऐंशी दशलक्षाचे रुपये किती, हे मात्र हिला सांगितलं. ही म्हणाली, “मोडेना का हाड.”

शेवटी क्लब सोडायला क्लबाचं पत्र लागतं, त्यासाठी भाचा अर्ज घेऊन गेला. त्या पत्राला ‘ना हरकत’ म्हणतात. मला आपल्या भाषेतलं हे नाव फार आवडतं. जाणाऱ्याची गरज होती किंवा नव्हती याबद्दल चकार शब्द नाही. नुसतं, गेलास तर आमची काही हरकत नाही. भाच्याला ते दहा मिनिटांत मिळालं. दहा मिनिटांत मिळाल्याचं त्याला जरा वाईट वाटलं असावं. पण बसस्टँडवर सामान पोचवायला आला तो त्याचा पहिला यष्टिरक्षकच, त्याच मोटारसायकलवर, मांडीवर किटबॅग घेऊन. निघताना त्यानं आपले आतले जुने ग्लव्ह्ज भाच्याला दिले. म्हणाला, “नवे चावतात सुरुवातीला.” मला एकदम अण्णांचा उसाचा रस आठवला.

त्यानंतर आषाढी आली. आमच्या वाळूजजवळ एक पंढरपूर आहे. मोठ्या पंढरपूरला ज्यांना जाणं होत नाही, ते लाखांनी इथं येतात. लोक छोटं पंढरपूर म्हणतात. इथल्या विठोबाला दुसरा म्हणायची कुणाची छाती नाही. आषाढीला तो पहिल्याइतकाच ताटकळतो. बहीण पहाटे रांगेत उभी राहिली, मीही गेलो. चार तासांनी पायांवर डोकं ठेवून ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, “काय मागितलंस?”

“तेच तर कळेना रे,” ती म्हणाली. तिकडच्या क्लबाचा जुना यष्टिरक्षक नोकरी सोडून ऐन वेळी गावात परत आला होता आणि भाचा दोन सामने पुन्हा बाकावर होता, हे तिला आदल्या रात्री फोनवर कळलं होतं. “माझ्या पोराला खेळव म्हणावं, तर दुसऱ्या कुणाच्या पोराचं बोट मोडायला हवं. ते कसं मागू? मी म्हटलं, देवा, तूच बघ.”

पुढच्या रविवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. बहीण इथंच होती. मी फोन कानाला लावला, आणि ती माझ्या दुसऱ्या कानाला लागली.

“मामा, खेळलो! सातव्या नंबरला. एकेचाळीस.”

“आणि ग्लव्ह्ज?”

“ग्लव्ह्ज त्याच्याकडंच. मला नुसता फलंदाज म्हणून घेतलं. मी पॉइंटला होतो.”

“हेडिंग्ले!” मी ओरडलो. “अरे, पंडितांचं अगदी असंच झालं होतं!”

“काय झालं?” बहीण माझा हात हलवत विचारत होती. “दादा, नीट सांग ना. खेळला की नाही खेळला?”